जुन्या दस्तांतील शब्द: राजीनामा, कोम, नजरगहाण, महजर आणि निधिनिक्षेप

आपण विचारले आहे की, आजोबांच्या पेटीत सापडलेल्या कागदांपैकी एकावर ‘राजीनामा’ असा मथळा आहे, परंतु घरात त्या काळी कोणीच नोकरीत नव्हते. मग हा राजीनामा कशाचा? त्याच पेटीतल्या इतर कागदांत ‘मजकूर’, ‘कोम’, ‘नजरगहाण’, ‘महजर’ आणि ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ असे शब्द आहेत. ते कुठून आले, त्यांचा नेमका अर्थ काय आणि आज त्यांना काही किंमत आहे का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझी दिवाणी वकिलीतली पस्तीस वर्षे मुख्यतः जमिनींच्या हक्कांचे शोध घेण्यात गेली. या शब्दांवर माझा जीव आहे, आणि ते चुकीचे वाचले गेल्याने माणसांचे झालेले नुकसानही मी पाहिले आहे. म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

प्रथम राजीनामा. ‘राजी’ हा अरबी शब्द, अर्थ संतुष्ट किंवा संमत; ‘नामा’ हा फारसी, अर्थ लेख. दोन्ही मिळून झाले संमतिपत्र, आणि मराठ्यांच्या न्यायव्यवहारात तो शब्द याच अर्थाने येतो: वाद पंचांपुढे नेण्याआधी ‘पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे’ असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून लिहून घेतला जाई. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत आली आणि प्रत्येक खातेदाराचा सरकारशी थेट संबंध जोडला गेला. त्या व्यवस्थेत खातेदार आपल्या खुशीने जमीन सोडत असेल, तर तसे मामलेदाराला लिहून देई, आणि या लेखाला राजीनामा म्हणू लागले. ती जमीन जो घेई, तो ‘मी ही जमीन घेण्यास आणि तिचा सारा भरण्यास कबूल आहे’ असे लिहून देई, ती कबुलायत. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या काळात हे दोन कागद इतके जोडीने चालत की ‘राजीनामा-कबुलायत’ असा जोडशब्दच महसुली दप्तरात रूढ झाला. नोकरीचा राजीनामा हा त्या शब्दाचा आज सर्वांना माहीत असलेला अर्थ. पण जमिनीच्या कागदात तो अर्थ घेऊन चालत नाही. संमती देणे, संमतीने जमीन सोडणे, संमतीने पद सोडणे असा हा अर्थविस्तार आहे. तेव्हा आपल्या आजोबांनी, किंवा त्यांच्या लाभात दुसऱ्या कोणी, जमीन सोडल्याचा तो कागद असावा. तो कोणी कोणाच्या लाभात दिला आहे आणि त्याच तारखेची कबुलायत कोणाच्या नावे आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावरून काहीही ठरवू नये.

माझे म्हणणे याच एका शब्दातून दिसते, म्हणून ते आत्ताच सांगतो. कायद्यातल्या जुन्या शब्दाचे मूळ माहीत असणे उपयोगाचे आहेच, परंतु मूळ हा त्या शब्दाचा अर्थ नव्हे. तो शब्द कोणत्या साली, कोणत्या प्रकारच्या कागदात आणि कोणाच्या हातून लिहिला गेला, यावर त्याचा अर्थ ठरतो. आजचा अर्थ मागे नेऊन चिकटवला की चूक होते, आणि थेट अरबी-फारसी कोश उघडून तिथला अर्थ उचलला तरीही चूकच होते.

हे शब्द मराठीत इतके खोल का रुजले, याचे कारण इतिहासात आहे. १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाल्यापासून दख्खनच्या दरबारांचा कारभार शतकानुशतके फारसीच्या छायेत चालला, आणि फारसीने स्वतः अरबीतून उचललेले कायद्याचे शब्द तिच्यामार्फत मोडी कागदांत उतरले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दरबाराची आणि पदांची भाषा त्याने बदलली, पण गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरातले शब्द बहुतांशी तसेच राहिले. मला यात नवल वाटत नाही. पदाचे नाव आज्ञेने बदलता येते. ज्या शब्दावर कोणाची तरी जमीन टिकून आहे, तो शब्द बदलायला माणूस धजत नाही.

आता माणसांच्या ओळखीचे शब्द. ‘मजकूर’ म्हणजे आज आपण लेखातला ऐवज समजतो. जुन्या कागदात तो विशेषण आहे. अरबीत त्याचा अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’, आणि ‘जिक्र’ हा शब्द त्याच धातूचा. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव, ‘इसम मजकूर’ म्हणजे वर उल्लेखिलेला माणूस. यातला ‘इसम’ तर अधिकच मौजेचा: अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. मराठी कागदात नावावरून तो माणसावर गेला, आणि म्हणून आज पोलिसांच्या कागदात ‘अनोळखी इसम’ असे लिहिले जाते तेव्हा मूळ अर्थाने ते ‘अनोळखी नाव’ असते.

‘बिन’ आणि ‘वलद’ या दोहोंचा अर्थ ‘चा मुलगा’. ‘राणोजी बिन संभाजी’ म्हणजे संभाजीचा मुलगा राणोजी. ‘बिनशर्त’ किंवा ‘बिनव्याजी’ मधला, ‘विना’ या अर्थाचा ‘बिन’ येथे नाही. ‘कोम’ हा स्त्रीच्या नावापुढे आणि पतीच्या नावाआधी येतो, अर्थ ‘ची पत्नी’. याच जागी कुठे ‘मर्द’, कुठे ‘भ्रतार’ आणि सातबाऱ्यावर नुसते ‘भ्र.’ आढळते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ लोक, जमात असा आहे, आणि हिंदीतला ‘कौम’ तोच; म्हणूनच मी वर म्हटले की कोश उघडून भागत नाही. माझ्या हाताखालच्या एका नवख्या वकिलाने एकदा वंशावळ काढताना ‘कोम’ पुढील नाव वडिलांचे समजून त्या बाईला मुलगी म्हणून दाखवले आणि ‘लग्न होऊन परघरी गेली’ असे गृहीत धरून ती शाखाच सोडून दिली. ती विधवा होती, जमीन तिच्या ताब्यात होती, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने तिची मर्यादित मालकी पूर्ण मालकी झालेली होती. तिच्या वारसांच्या सहीशिवाय खरेदीखत झाले असते, तर घेणाऱ्याची आयुष्याची पुंजी वादात अडकली असती. कागद दुसऱ्यांदा वाचताना चूक ध्यानात आली. त्या दिवसापासून माझ्याकडे काम शिकणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात हे चार-पाच शब्द पाठ करायला लावतो.

याच कुळीतला, आपल्या कागदांत नसलेला पण सांगितल्यावाचून राहवत नाही असा शब्द म्हणजे ‘जातमुचलका’. त्यातली ‘जात’ ही आपली जात नव्हे. अरबी ‘जात’ म्हणजे स्वतः, आपण. ‘जातीने लक्ष घातले’, ‘जातीने हजर राहिले’ या रोजच्या बोलण्यात तीच आहे. ‘मुचलका’ मात्र तुर्की-मंगोल परंपरेतून फारसीत आलेला शब्द, अर्थ बांधून घेणारा लेख. ज्याने स्वतःच स्वतःची हमी लिहून दिली, त्याने जातमुचलका दिला. दुसऱ्याने हमी घेतली तर तो ‘जामीन’. हा शब्द मुळात माणसाचा आहे, अरबीत त्याचा अर्थच हमी घेणारा. म्हणून जुन्या कागदांत ‘हजीर जामीन’ म्हणजे समोरच्याला हजर करण्याची हमी घेणारा माणूस आणि ‘माल जामीन’ म्हणजे रकमेची हमी घेणारा. पुढे आपण म्हणू लागलो ‘जामीन मिळाला’, सुटकेलाच जामीन हे नाव पडले आणि मूळ माणसासाठी ‘जामीनदार’ हा नवा शब्द घडवावा लागला. शेताची जमीन फारसी आहे. तिचा याच्याशी उच्चारापलीकडे काहीही संबंध नाही.

असेच दिसायला जुळे पण जन्माने वेगळे शब्द ‘कुलमुखत्यार’ आणि ‘कूळ’ हे आहेत. पहिल्यातले ‘कुल’ अरबी, अर्थ सर्व. ज्याला सर्व गोष्टींचा अधिकार दिला तो कुलमुखत्यार. कसणारे ‘कूळ’ संस्कृत ‘कुल’ या शब्दातून आले, म्हणजे घराणे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, त्यामुळे लिप्यंतर करणारा जाणता नसेल तर अशा जागी गोंधळ होतो. कुलमुखत्यारपत्रावर विसंबून जमीन घेतलेले लोक मला अजूनही भेटतात, म्हणून एवढेच सांगतो की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात असे व्यवहार म्हणजे मालकीचे हस्तांतर नव्हे, हे स्पष्ट केले आहे.

नजरगहाणाकडे वळतो, कारण आपल्या पेटीतला हा कागद सर्वांत महत्त्वाचा असू शकतो. आपण तो ‘नजराण्यात दिलेले गहाण’ असा वाचला आहे, तो तसा नाही. ‘नजर’ म्हणून मराठीत एकरूप झालेले दोन वेगळे अरबी शब्द आहेत: एक दृष्टी या अर्थाचा, दुसरा नवस किंवा अर्पण या अर्थाचा. नजराणा दुसऱ्यातून आला. नजरगहाणातली नजर डोळ्याची आहे, आणि न्यायालयातला ‘नाझर’, म्हणजे देखरेख करणारा, तिचाच नातलग. जमीन ऋणकोच्याच ताब्यात राहते, तोच कसतो, आणि सावकाराची तिच्यावर केवळ नजर असते. याहून नेटका शब्द मला तरी दुसऱ्या भाषेत भेटलेला नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले साधे गहाण ते हेच. याउलट ‘ताबेगहाण’ असेल तर जमीन सावकाराच्या ताब्यात जाते आणि तिचे उत्पन्न तो घेतो.

तिसरा प्रकार ‘मुदतखरेदी’, आणि तो भल्याभल्यांना फसवतो. कागद खरेदीचा दिसतो, पण अमुक मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत करण्याची अट त्यात असते. गरजू माणसाच्या दृष्टीने ते गहाणच असे, सावकाराच्या दृष्टीने खरेदी. आणि या दोन दृष्टींमधला झगडा न्यायालयांत पिढ्यान् पिढ्या चालला. १९२९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि परतीची अट खरेदीच्या त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही, असे ठरले. त्यामुळे आपला कागद १९२९ च्या आधीचा की नंतरचा, आणि अट त्याच कागदात आहे की वेगळ्या चिठ्ठीवर, या दोन गोष्टी काळजीपूर्वक पाहा. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत पूर्वी साठ वर्षे होती, १९६३ च्या मुदत कायद्याने ती तीस वर्षांवर आली. बहुतेक जुनी गहाणे आज मुदतीबाहेर गेलेली असतात, तरी तारीख मोजल्याशिवाय तसे मानू नये.

कागदांच्या नावांविषयी थोडक्यात. ‘खत’ म्हणजे अरबीत रेघ, त्यावरून लिहिणे; खरेदीखत, गहाणखत यांत तेच आहे. ‘साठेखत’ हे मुळात ‘साटेखत’, त्यातले साटे म्हणजे सौदा, साटेलोटे या शब्दात राहिलेला. साठेखताने विकण्याचा करार होतो, मालकी जात नाही. ‘दस्त’ म्हणजे फारसीत हात. ‘दस्तऐवज’ म्हणजे हाताने धरून ठेवायचा आधार, ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लिहिणे, आणि खरेदीखताच्या शेवटी येणारे ‘दस्तुर’ म्हणजे कागद ज्याच्या हातचा आहे त्याचे नाव.

न्यायालयातल्या शब्दांना जुना आवाज अजून आहे. ‘फिर्याद’ म्हणजे फारसीत मदतीसाठी फोडलेला टाहो. ‘दावा’ आणि ‘दुवा’ एकाच धातूचे, दोन्हींत हाक मारणे आहे. एक न्यायाधीशाला, दुसरी देवाला. ‘कैफियत’ अरबी ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’ यापासून बनली, म्हणजे ‘कसे घडले ते’. प्रतिवादीच्या लेखी म्हणण्याला आमच्या दिवाणी न्यायालयांत आजही कैफियत म्हणतात. आणि ‘दरखास्त’ म्हणजे नुसती विनंती, पण हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज म्हणजेच दरखास्त असल्याने, दिवाणी न्यायालयात या नम्र शब्दाइतका धाक दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा नाही. जप्ती, ताबा आणि बेलीफ हे सारे तिच्या मागून येतात.

महजर हा या सर्वांतला माझा सर्वांत आवडता शब्द. काही कागदांत तो ‘मजहर’ असाही लिहिलेला आढळतो. हजर, हजेरी, हुजूर आणि महजर हे सारे एकाच धातूचे, आणि अर्थ आहे उपस्थितांच्या समक्ष झालेला लेख. पाटिलकीचा किंवा मिराशीचा, म्हणजे जमिनीवरच्या वंशपरंपरागत हक्काचा, वाद गोतापुढे येई, म्हणजे देशमुख, देशपांडे, शेजारच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांच्या सभेपुढे. आधी फिर्याद मांडणारा तो ‘अग्रवादी’, त्याला उत्तर देणारा तो ‘पश्चिमवादी’. येथे पश्चिम ही दिशा नाही, पश्चिम म्हणजे मागाहून बोलणारा. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर बेलभंडार उचलून शपथ घेतली जाई, म्हणजे शंकराचा बेल आणि खंडोबाचा भंडार हातात घेऊन. आणि त्याहीपुढे जाऊन दिव्य होई. रवादिव्यात तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष तो उघडून पाहायचा. आज आपण अवघड कामाला ‘दिव्य’ म्हणतो, तेव्हा तो हात आपल्याला आठवत नाही. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाला ‘यजितपत्र’ लिहून द्यावे लागे, की मी या वादात खोटा ठरलो, पुन्हा हा वाद काढणार नाही. जिंकल्याच्या कागदाइतकेच, किंबहुना अधिक, मोल या कागदाला होते, कारण तो विरोधकाच्याच हातचा असे.

अशा महजरावर खाली उपस्थितांची नावे असत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढत: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. या चिन्हाला म्हणत ‘निशाणी’. आपल्या कागदाच्या तळाशी नांगरासारखी जी आकृती आहे आणि जिला आपण नक्षी समजलात, ती सही आहे. तिला हात लावू नका, आणि त्या भागावर पट्टी चिकटवून कागद सांधू नका. हीच निशाणी पुढे अंगठ्यावर आली, ‘निशाणी डावा अंगठा’ म्हणून, आणि न्यायालयात तर दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाचा क्रमांक बनली. महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयात ‘निशाणी ५ वर हुकूम झाला का?’ असे एक वकील दुसऱ्याला विचारतो, तेव्हा तो तात्पुरत्या मनाईच्या अर्जाविषयी बोलत असतो. त्याच्या तोंडी तो आकडा असतो. मला मात्र दर वेळी तो नांगर दिसतो.

राहिली शेवटची ओळ, ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’. हे शब्द फारसी नाहीत, संस्कृत आहेत, आणि त्यांची जात फार जुनी आहे. मध्ययुगीन दानपत्रांत जमिनीबरोबर ‘अष्टभोग’ दिले जात: निधी, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध आणि साध्य. निधी म्हणजे जमिनीत पुरलेले धन. निक्षेप म्हणजे ठेव, आणि मनुस्मृतीत सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादांच्या प्रकारांत, निक्षेप हे एक स्वतंत्र पद आहे. दान देणारा राजा या शब्दांनी सांगत असे की वर उगवणारे आणि खाली दडलेले असे सारे दिले, मागे काही ठेवले नाही. ताम्रपटावरची ती ओळ शतके ओलांडून दस्तलेखकाच्या हातून आपल्या आजोबांच्या खरेदीखतात आली, आणि आजच्या छापील दस्तांतही ती येते. तिचा अर्थ आजच्या कायद्याइतकाच घ्यावा लागतो. झाडे, विहीर, बांधावरचा दगड यांविषयी ती उपयोगी पडते. ‘पाषाण’ लिहिले म्हणून खाणीचा हक्क मिळत नाही, आणि ‘निधी’ लिहिले म्हणून पुरलेला हंडा घरी नेता येत नाही, कारण १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. तरीही दस्ताचा मसुदा करताना मी ही ओळ गाळत नाही. विकणाऱ्याने नंतर ‘विहीर दिली नव्हती’ म्हणून उभे राहू नये, यासाठी तिचा आधार होतो.

आता आपण करायचे ते असे. सर्व कागदांच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे घ्या, मोडी कागद जाणकार लिप्यंतरकाराकडून ओळीला ओळ असे उतरवून घ्या, आणि त्याला अर्थ लावायला न सांगता शब्द जसाच्या तसा ठेवायला सांगा. राजीनाम्यावरचा सर्व्हे क्रमांक आणि तारीख घेऊन त्या गावच्या जुन्या फेरफार नोंदी तहसील अभिलेख कक्षातून मागवा. कबुलायत झाली असेल तर तिचा माग तेथे लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. नजरगहाणाच्या कागदामागे ‘फेड पावली’ अशा अर्थाचा शेरा आहे का, तो पाहा. आणि दस्तुराखालचे नाव वाचता येत असेल तर ते टिपून ठेवा: त्या गावातले इतर दस्त त्याच लेखकाच्या हातचे असतील, आणि त्याने ‘कोम’ कुठे लिहिले, ‘मर्द’ कुठे लिहिले, हे पडताळायला तेच दस्त कामी येतील.